श्रावणातलं पापलेट

दादरच्या मोबाईलच्या दुकानात मनवाने पर्समधून पाण्याची बाटली काढली, बोटं चांगली ओली केली आणि मांडून ठेवलेल्या फोनवर फिरवली. दुकानदाराच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मॅडम, हे काय?"

"ओल्या हातांनी चालतो का बघतेय. मासे कापणाऱ्या बायकांना द्यायचाय."

शेजारचा तरुण खुदकन हसला. मनवाने वळून पाहिलं. चष्मा, रापलेला चेहरा, आणि हसताना एका गालावर खळी... खळीकडे तिने मुद्दाम दुर्लक्ष केलं.

"हसायला काय झालं?"

"फोन असा पारखून घेणारं कुणी भेटलं नव्हतं. मी स्वप्नील, चिंचपोकळीचा. माल विकणाऱ्या टीमसाठी ॲप विकतो."

"मग आता लाईन मारताय की ॲप विकताय?"

"आधी ॲप," तो म्हणाला.

शीव कोळीवाड्यातल्या सहा बायका फोनवर ऑर्डर घेऊन घरोघरी मासे पोचवायच्या. मनवाची सुभद्राआत्या त्यांची पुढारी. ऑर्डरींचा रोजचा घोळ मिटावा म्हणून मनवाने नवे फोन आणि ॲपचा घाट घातला होता. आत्याची अट एकच होती, "एकदाच करून बघू. गिऱ्हाईक तुटलं, तर पुन्हा नाव काढायचं नाय." म्हणून मनवाने श्रावण निवडला. धंदा मंद, शिकायला वेळ.

ॲप शिकवायला एक संध्याकाळ पुरली असती. स्वप्नील मात्र रोज यायला लागला. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. तो यायच्या वेळेला मनवाला हटकून आरसा आठवायचा आणि ती स्वतःवरच चिडायची. हा ॲपच्या ऑर्डरसाठी येतो की... माझ्यासाठी?

दुसऱ्या श्रावणी सोमवारी सकाळी आत्याचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. दहा दिवस ऑर्डर आली नाही म्हणजे गिऱ्हाईक रुसलं, असं ॲपने परस्पर ठरवलं होतं आणि श्रावण पाळणाऱ्या चौतीस घरांना मसाला लावलेल्या पापलेटाचा फोटो धाडला होता. खाली ओळ होती, 'तुमची आठवण येतेय!'

"मी इथे महादेवाला बेल वाहतेय आणि फोनवर तुमचं पापलेट?" शिवाजी पार्कच्या एक काकू कडाडल्या.

मनवाला रडूच कोसळलं. स्वप्नील धावत आला. त्याने कारणं सांगितली नाहीत. ओट्यावर बसून त्याने एकामागून एक चौतीस फोन लावले. "काकू, चूक माझी आहे, या बायकांची नाही." कुणी झापलं, कुणी हसून सोडून दिलं. कडाडलेल्या काकूंनी तर श्रावणानंतरची ऑर्डर आताच नोंदवली. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

"तुझ्या घरी श्रावण पाळत नाहीत?" मनवाने डोळे पुसत विचारलं.

"आई पाळते ना. तो मेसेज बंद करायचा, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग?"

"बंद करतच होतो... तेवढ्यात तू मनगटाने केस मागे सारलेस. हात ओले होते तुझे. मी बघत राहिलो, आणि... राहूनच गेलं."

मनवाला रागवायचं होतं. काही केल्या जमेना.

"ॲपचं काय मग?" आत्याने विचारलं.

"घेऊ नका, आत्या," स्वप्नील म्हणाला. "फोन राहू द्या, ऑर्डर बोलून पाठवा, मनवा उतरवून घेईल. तुम्हाला तेवढंच पुरे."

त्याने लॅपटॉप बॅगेत भरला, बूट चढवले. ॲपची ऑर्डर गेली होती, आणि उद्या यायचं निमित्तही. मनवा त्याच्या मागोमाग दारापर्यंत आली.

"स्वप्नील... उद्या ये."

"कशाला? विकायला काही उरलं नाही."

"म्हणूनच ये. तू आवडतोस मला. ॲप घ्यायचं होतं तोवर बोलले असते, तर तुला वाटलं असतं, सूट मागतेय."

सुभद्राआत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आता काय करतोस रे बाबा?"

स्वप्नीलने बूट काढले आणि तो पुन्हा ओट्यावर बसला. उद्यापर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती.