थांबायची ओळ

मावशीचं कुणी ऐकलंच नाही. म्हातारा पहारेकरी रात्रपाळीच्या नव्या पोरांना ही गोष्ट सांगतो तेव्हा आधी हेच सांगतो, कारण मावशी त्याची सख्खी मेहुणी. सर्व्हरच्या खोलीची फरशी पुसताना तिच्या मॉपने वायर निघते म्हणून ऑफिसचा सर्व्हर बंद पडतो, असं साहेबांनी कागदावर लिहूनही टाकलं. वीस वर्षं पुसतेय ती. वायरी उपटायच्याच असत्या तर आजवर शंभर उपटल्या असत्या.

बाहेरून वायरीतून जे येतं ते आत घेणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तिथला ड्रायव्हर आप्पांनी, ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रॅमरनी लिहिलेला. आप्पा थंडीत त्याच खोलीत, आपल्या खुर्चीत बसल्याबसल्या गेले. मग ड्रायव्हर वेगवान करायचं ठरलं आणि बदल तपासायला बसले मास्तर. शाळेतले नव्हेत. कोडमध्ये एक रिकामी जागा जास्त दिसली तरी तोंडावर परत फेकायचे, म्हणून मास्तर. आप्पा प्रत्येक कंसाआधी दोन जागा सोडायचे, त्याचा मास्तरांना भारी राग. आप्पांच्या कोडमध्ये एक ओळ सापडली, ड्रायव्हरला दर वेळी क्षणभर थांबवणारी. शेजारी आप्पांची टीप: 'इथे थांबा. आधी त्याला जाऊ द्या.'

त्याला म्हणजे कुणाला, असं म्हणून मास्तर हसले. थांबण्याने काम रखडतं, म्हणून ओळ काढायला लावली.

त्या रात्रीपासून बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर मान टाकायला लागला. मास्तर म्हणाले, कोड स्वच्छ आहे, मॉप बघा. साहेबांनी मावशीला बजावलं, आणखी एकदा झालं तर कामावर येऊ नका.

मंगळवारी रात्री तिने मास्तरांना दरडावून त्या खोलीत बसवलं.

"मॉप घ्या मांडीवर. मी दारातून हलत नाही. बघू आता कोण उपटतंय."

मास्तर शिक्षा झालेल्या पोरासारखे स्टुलावर बसले. आप्पांची खुर्ची समोर रिकामी.

दोन वाजून नऊ. सर्व्हरवरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

दहा.

सगळे दिवे एकदम पेटले. घाबरून मास्तरांनी स्वतःच वायर काढली.

दिवे चालूच.

वायर त्यांच्या हातात... आणि आत काहीतरी येतच होतं.

मावशीच्या तोंडावर गार श्वास आला. समोर कुणी नव्हतं. पण कुणाला तरी बाहेर जायचं होतं. आणि दारात ती.

मास्तर पळायला उठले.

"थांबा," ती कुजबुजली. "आधी त्याला जाऊ द्या."

ती चौकटीला चिकटली. डोळे मिटले.

ते गेलं... बराच वेळ जात होतं.

मग अंधार. अंधारात खुर्ची कुरकुरली. की-बोर्डची टक... टक... टक.

मग काहीच नाही.

सकाळी सर्व्हर सुरू होता. मास्तरांनी कोड उघडला. काढलेली ओळ जागच्या जागी. कंसाआधी दोन जागा.

साहेबांनी कागदावरचं मावशीचं नाव खोडलं आणि चिडून विचारलं, मग धरायचं कुणाला?

कुठली ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, हे मशीन स्वतःच शेजारी दाखवतं. मास्तरांनी पडदा साहेबांकडे वळवला.

वेळ होती रात्रीची, दोन वाजून बारा. पुढे नाव.

आप्पा.