पहिला तांब्या

मी नाकाने कांदे सोलतो, असं माझ्या पाठीमागे बोललं जातं. सोलतोच. बावीस वर्षं वाईन करतोय आणि माझं घर या नाकावर चालतं. नाक गेलं की मी संपलो. त्यामुळे ज्यांना पेरू आणि पेट्रोल यांतला फरक कळत नाही, त्यांनी मला नम्रता शिकवू नये.

सोनईपासून सहा किलोमीटरवर, मुरमाड माळावर काकासाहेबांची द्राक्षबाग आहे. बाग हा त्यांचा शब्द. मांडव नाही, ठिबक नाही. मिशनच्या काळात कुणीतरी लावलेली गुडघ्याएवढी वाकडी खोडं, ऐंशीएक वर्षं निव्वळ पावसावर जगलेली. पांढरी द्राक्षं, वाटाण्याएवढी. जुन्या जिरायत वेलींच्या वाईनला मान असतो, असं काकासाहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, एक ओकचं पिंप मागवलं आणि मला बोलावलं. एरवी मी अशा हौशी लोकांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पण त्या द्राक्षाचा एक मणी चावला आणि मी काम घेतलं.

राखण एस्तेरबाईची. सासऱ्यापासून हे काम त्यांच्याच घरात. सोबत टिप्या नावाचा म्हातारा कुत्रा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस वासावरच ओळखणारा. मी त्याला पहिल्या दिवसापासून आवडलो नाही. मी शंभर पावलांवर असतानाच तो भुंकायला लागायचा, तेही इतरांवर भुंकायचा तसं नाही. खालच्या सुरात, घशातून.

फेब्रुवारीत तोडणी झाली. रस निघाला तशी एस्तेरबाई तांब्या घेऊन पुढे आली.

"सायेब, पैला तांब्या येलीच्या बुडाला. कुनी वास घ्यायच्या आदी."

"का म्हणे?"

"तिला आमी पानी देत न्हाई. कदीच न्हाई. म्हनून पैला रस तिचा. न्हाई दिला तर ती दुसरीकडनं पिती."

"बाई, अख्ख्या माळातून दोनशे लिटर निघालाय. तुमच्या खुळेपणाला त्यातला थेंब मिळणार नाही."

मी तिच्यादेखत ग्लास भरला, त्यात नाक खुपसलं, आणि सगळा रस पिंपात ओतला. तिने तांब्या पालथा घातला.

चौथ्या दिवशी शेडमधलं पिंप जागं झालं. बुचाच्या भोकाला कान लावला की आत बारीक चरचर ऐकू येई. रोज सकाळी मी काठीने तळाचा गाळ ढवळायचो, ग्लासभर काढून हुंगायचो आणि वहीत लिहायचो. पहिली नोंद: पिकलेला पेरू. इतका स्वच्छ पेरू मी कुठल्याच वाईनमध्ये हुंगला नव्हता. त्याच संध्याकाळी सोनईच्या बाजारात पेरू घेतला. त्याला वास नव्हता. हल्लीची फळं माणसांसारखीच, दिसायला गोंडस. फेकून दिला.

पुढची नोंद: तव्यावरची बाजरीची भाकरी. दुपारी एस्तेरबाईने खरीखुरी भाकरी पुढ्यात ठेवली. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबत होता. भाकरीला वास नव्हता.

राहुरीच्या डॉक्टरने नाकात बॅटरी मारली आणि सर्दीच्या गोळ्या दिल्या. त्याच्याकडून मी वेगळी अपेक्षा केलीही नव्हती. मग मीच माझी परीक्षा घेतली. व्हिनेगर, गंधक, रॉकेल, सगळं लख्ख कळत होतं. गेलं होतं ते फक्त वहीतलं. ओलं गोणपाट. चिंचेचा मोहोर. नवं पुस्तक. एकूण अकरा.

अडाणी माणूस पिंप सोडून पळाला असता. मी शिकलेला. मी लिहिणं बंद केलं आणि हुंगत राहिलो, कारण अशी वाईन माझ्या हातून पुन्हा होणार नव्हती.

पाचव्या आठवड्यात पिंपातून खोबरेल लावलेल्या केसांचा वास आला. उन्हातून, शाळेतून आलेल्या मुलीच्या केसांचा. मी ग्लास खाली ठेवला.

रविवारी नगरला घरी गेलो. धनश्रीला जवळ घेऊन तिच्या वेणीत नाक खुपसलं.

"बाबा, काय हुंगताय?" ती हसायला लागली.

काहीच नव्हतं. माझी स्वतःची मुलगी, आणि काहीच नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

सोमवारी सकाळी माळावर पोचलो. "तांब्या द्या," मी म्हणालो. एस्तेरबाईने दिला. पिंपातून भरला आणि सगळ्यात जुन्या वेलीच्या बुडाशी ओतला.

मार्चचा मुरूम. घागरभर पाणी बघताबघता गिळणारा. वाईन वर तशीच थांबली. थेंबही जिरला नाही.

"आता घेत न्हाई ती," एस्तेरबाई म्हणाली. "तिचं भागतंय."

तांब्याच्या तळाशी घोटभर उरली होती. सवयीने नाकाशी नेली. दाढीचा साबण. इस्त्रीचा सदरा. घाम. आणि त्याखाली काहीतरी फार जवळचं, जे मला ओळखता येईना.

मी तांब्या तिच्यापुढे धरला. तिने हुंगलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"सायेब, हे तर तुमी."

तेव्हा लक्षात आलं, आज मी फाटकातून आत आलो तेव्हा कोणी भुंकलं नव्हतं.

टिप्या माझ्या पायाशीच पडला होता. मी त्याला हाक मारली. तो उठला, हवेत नाक फिरवलं, माझ्या बुटांवर पाय देऊन पलीकडे गेला आणि शेडमध्ये शिरला.

मग ते भुंकणं ऐकू आलं. खालच्या सुरातलं, घशातलं.

मी दारात जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे पाठ करून तो पिंपावर भुंकत होता.