क्षणकिल्ली

मैदानामागं उभ्या प्रक्षेपणगाडीत शर्वरी नाईकनवरेचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बाहेर हलगी कडाडत होती. आज तिच्या क्षणकिल्लीची, म्हणजे प्रक्षेपणाला लावलेल्या नव्या कुलपाची परीक्षा! फायनलची कुस्ती संपेपर्यंत पैसे न भरता टीव्ही दाखवणाऱ्या चोरट्या डब्यावर एक जरी चित्र उमटलं, तर कंपनी तिची तीन वर्षांची मेहनत मोडीत काढणार होती.

चोर शेजारच्याच खुर्चीत होता. कुलूप फोडायला कंपनीनंच नेमलेले इरफान मुजावर, पुढ्यात बाजारातला चोरटा डबा घेऊन.

"हरायचंच तर कशानं हरलो ते तरी कळू दे," ते म्हणाले.

"मैदानातल्या आवाजानं, इरफानभाई! आरोळ्या, शिट्ट्या, हलगी. त्यातून दर चार सेकंदांनी नवी किल्ली घडते, पैसे भरलेल्यांच्या टीव्हीत जाते आणि वापरली की पुसली जाते. आमच्याकडंही उरत नाही. रेकॉर्ड करून ठेवलंत तरी उद्या उघडणार कशानं?"

"आणि जनरेटरची घरघर?"

"ती कायम एकसारखी, कुणीही ओळखेल. म्हणून गाळून टाकली. फक्त माणसं आणि हलगी."

"माणसं गप्प बसली तर? किल्लीत नुसती शून्यं?"

शर्वरी खो खो हसली. "कोल्हापूरकर? कुस्तीच्या मैदानात? गप्प? भाई, तुम्ही कुठले हो?"

"मी आपला लातूरचा. पण चोर आधी दार नुसतं ढकलून बघतो. माझा डबा दर वेळी शून्यांचीच किल्ली आधी लावतो."

कुस्ती लागली. चंदगडची नवखी गीतांजली खोत, आणि समोर चार वर्षांत एकदाही पाठ न टेकलेली विजेती. पोर दोन मिनिटंही टिकणार नाही, असं सगळे म्हणत होते. आवाजाचा आलेख उसळत होता, डबा काळाठिक्कर होता. शर्वरी आनंदानं टाळ्या पिटायला लागली.

आणि आलेख एकदम सपाट झाला.

"माइक गेले!" ती टेबलाखाली घुसली, वायरी चाचपू लागली. वायरी ठीक होत्या.

"आईशप्पथ!" वर इरफानभाई ओरडले. "दिसतंय! लख्ख दिसतंय!"

त्याच क्षणी बाहेर मैदानाला कंठ फुटला. गाडी हादरली. शर्वरी डोकं आपटून बाहेर आली, तोवर किल्ली बदलली होती आणि डबा पुन्हा काळा झाला होता.

"सगळे श्वास रोखून बसले होते गं. हलगीवालासुद्धा," इरफानभाई हळूच म्हणाले. शर्वरीला रडूच कोसळलं.

फोन वाजला. मोठे साहेब होते. "शर्वरी, तो डाव पुन्हा दाखवा! अख्खा महाराष्ट्र मागतोय!"

"नाही दाखवता येत, साहेब. किल्ल्या पुसल्या जातात. सगळी कुस्ती कायमची कुलूपबंद..." ती थबकली. "इरफानभाई, शून्यांची किल्ली कोण पुसणार?"

इरफानभाईंनी डब्यातलं रेकॉर्डिंग मागं नेलं. अख्ख्या कुस्तीतली ती चारच सेकंदं उघडली. गीतांजलीनं विजेतीला अलगद खांद्यावर घेतलं, ढाक मारली आणि आस्मान दाखवलं. हजारो तोंडं उघडी, एकातूनही आवाज नाही.

कुलूप तर उद्या मोडीत निघणारच होतं. पण शर्वरी हा डाव आत्ता पहिल्यांदा बघत होती.

"नाद खुळा!" ती डोळे पुसत किंचाळली. "भाई, पुन्हा लावा!"