पंधरावी होडी

गावाचा इतिहास एवढाच, की कधीकाळी कोणीतरी इथे पाणी प्यायला थांबलं आणि आळसाने उठलंच नाही. भूगोल त्याहून सोपा: तीन बाजूंना तळं, चौथ्या बाजूला बसथांबा. आणि माणसं म्हणाल तर एकेक नग. एकजण शिंकला तर चार घरं सोडून त्याच्या न्यूमोनियाची बातमी पोचते.

तर अशा या गावच्या धक्क्यावर घंटेवाला सकाळी थर्मास बगलेत मारून आला. धुकं असं, की आपलं नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं. धुकं पडलं की घंटा वाजवायची, हे त्याचं काम. मासे धरायला आत गेलेल्या होड्या त्या आवाजाच्या रोखाने परततात आणि धक्का जवळ आला की वल्ह्याने होडीच्या काठावर ठोका देतात. प्रत्येक घराचा ठोका निराळा. शेवटचा ठोका आला की घंटा थांबवायची. त्याआधी नाही, हात गळून पडले तरी. पूर्वी हे काम त्याच्या बापाचं होतं.

गाव त्याला नकल्या म्हणायचं. चौसष्ट वर्षांचा घोडा झाला तरी नाव काही सुटलं नाही. तरुणपणी तो मास्तरांचा खोकला, पाववाल्याची शिटी, बापाचं घोरणं, सगळं हुबेहूब काढायचा. गेली चाळीस वर्षं मात्र एक नक्कल केली असेल तर शपथ. गाव म्हणालं, पोक्त झाला. चोविसाव्या वर्षी कोणी एका दिवसात पोक्त कसं होतं, हे विचारायला गावाला सवड नव्हती.

दहाच्या सुमाराला चौदावा, म्हणजे शेवटचा ठोका आला. जाड्याची होडी. जाड्या धापा टाकत पायऱ्या चढला.

"नकल्या, घंटा जरा हसरी वाजव की. लोकांना वाटतं मीच गेलो."

"तू गेलास तर घंटा कशाला? होडीच सुटकेचा श्वास सोडेल."

जाड्या हसत गेला. नकल्याने घंटा थांबवली, आणि मागून आवाज आला.

"भावजी, बसू का इथे? बस धुक्यात अडकलीय."

वहिनी होती. हातात पिशवी. चाळीस वर्षं एकटीने चालवलेलं घर आवरून ती आज शहरात भाचीकडे चालली होती, कायमची. नकल्याने बाकावर जागा करून दिली. रात्रभर तो एकच गोष्ट घोकत होता: आज सांगितलं नाही, तर मग कधीच नाही.

तळं गप्प होतं. शेवाळाचा ओला वास येत होता.

"एक विचारू?" वहिनी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही इथेच होतात. मी धावत आले तेव्हा मी काय बोलले? तुम्हाला आठवतं?"

"का?"

"चाळीस वर्षं आठवतेय. त्यांचा ठोका आला, सगळ्यांनी ऐकला. मी हाक मारली आणि ते परत फिरले. माझ्या हाकेत असं काय होतं, हो?"

गावाने तिला तेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी नकल्याच्या थोरल्या भावाची रिकामी होडी पलीकडच्या लव्हाळ्यात सापडली, आणि गाव मोकळं झालं: धक्क्यापर्यंत आला, बायकोचा आवाज ऐकला आणि वल्हं उलटं मारलं. टाकलेली बाई. नळावर, दुकानात, लग्नाच्या मांडवात तिने हे ऐकलं, आणि मान खाली घालून पाणी भरलं.

नकल्या धक्क्याच्या फळ्यांकडे बघत म्हणाला,

"वहिनी… तो ठोका दादाचा नव्हता."

"म्हणजे?"

"मी दिला होता. या फळ्यांखाली बसून. तुम्ही नव्या होतात, रोज वाट बघायचात… म्हटलं, गंमत करू. तुम्ही धावत आलात, मी खाली हसत होतो. आणि वर बाबांनी ठोका मोजला… घंटा थांबवली."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"वाटलं, पाच मिनिटांत येईलच दादा. मग वाटलं, दहा मिनिटांत. मग… मग बोलण्यासारखं काही उरलंच नाही."

ती रडेल, शिव्या देईल, थोबाडीत मारेल, सगळ्याची त्याने तयारी केली होती. तिने फक्त पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे ते माझ्यामुळे गेले नाहीत," ती हळूच म्हणाली. "ते घंटा शोधत होते."

"हो."

"मग वाजवा. पंधरावी होडी यायचीय अजून."

नकल्याने दोरी धरली. घंटेचा एकेक टोल धुक्यात शिरत गेला, कापसात सुई शिरावी तसा. किती वेळ, कोण जाणे. खांदे भरून आले. आणि मग… पाण्यावरून, अगदी जवळून:

टक टक. दम घेऊन, टक.

वहिनीने वळून पाहिलं. "पुन्हा तुम्ही?"

त्याचे दोन्ही हात घंटेच्या दोरीवर होते.

ती उठली. धक्क्यावरचं दोरखंडाचं वेटोळं उचललं आणि गावातल्या सगळ्या बायका नवऱ्याच्या होडीकडे फेकतात तसं धुक्यात फेकलं. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. दोरखंड ताठ झाला. तिने तो खांबाला दोन वेढे देऊन घट्ट बांधला.

"घर आवरलंय सगळं," ती धुक्याला म्हणाली. "पण चहाचं भांडं बाहेरच आहे. या मागोमाग."

"वहिनी… बस?"

"जाऊ द्या बस." आणि ती पायऱ्या चढून गेली. चाळीस वर्षांत नकल्याने तिला एवढं झपझप चालताना पाहिलं नव्हतं.

होडीतून माणूस उतरला की होडी हलकी होऊन उसळते आणि दोर क्षणभर सैल पडतो. घंटेवाल्याला हे सांगावं लागत नाही. नकल्या बाकावर टेकला आणि मान खाली घालून दोराकडे बघत राहिला.

दोर सैल पडला.

ओली पावलं त्याच्यासमोरून गेली. गार वारा आला. "दादा…" तो पुटपुटला. पावलं जराशी थांबली. मग पायऱ्या चढून वहिनीच्या घराच्या दिशेने निघून गेली. दोर पुन्हा ताठ झाला. नकल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते त्याने पुसलं नाही.

मग दोर पुन्हा सैल पडला.

दादा त्या दिवशी एकटाच गेला होता.

या खेपेला पायऱ्या कोणी चढलं नाही. फक्त बाकाची फळी, त्याच्या शेजारची, हळूच दबली, त्यालाच न्यायला कोणी येऊन बसावं तशी.