दुसरी शिट्टी

उन्हाळी शिबिरात मुलं तेवीस होती आणि त्यांना सांभाळणारी ताई एकच. मदतीला कुणी द्या, नाहीतर निदान चोविसावं मूल तरी द्या, असं ती पहिल्या दिवसापासून ऑफिसात सांगत होती. व्यवस्थापक बाई मान हलवायच्या आणि एक नवा फॉर्म पुढे सरकवायच्या. "तुम्हाला जमतं हो," म्हणायच्या. या कौतुकाने ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चोविसावं मूल हवं होतं ते जोड्यांसाठी. सहल संग्रहालयात असो की टेकडीवर, मुलांनी जोडीनेच राहायचं. तरणतलावावर तर नियम फारच कडक. पहिली शिट्टी झाली की असाल तिथे जोडीदाराचा हात धरून वर करायचा. मोजणी झाली की दुसरी शिट्टी. मगच हात सोडायचा, त्याआधी नाही. तेवीस मुलांत एक उरायचंच, आणि उरायची ती पिटुकली. सात वर्षांची, सांगितलेलं शब्दशः ऐकणारी. ताईने तिला तीन दिवस या ना त्या जोडीत कोंबून पाहिलं. दरवेळी रुसवेफुगवे आणि मोजणीचा घोळ. चौथ्या दिवशी तिने हात टेकले.

"हे बघ, तुला जोडीदार आहे असं समज आणि हात वर कर. झालं!"

पिटुकलीने उजवा हात वर केला. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, कालच्या फॉर्मवर एक सही राहिली होती. त्या एका सहीवरून दहा मिनिटं वाद झाला. मुलांनी कंटाळून आपापले हात केव्हाच सोडले होते. दुसरी शिट्टी त्या दिवशी राहूनच गेली, आणि मुलं आपणच हात सोडतात म्हटल्यावर पुढेही ताईने ती फुंकली नाही.

दोन दिवसांनी तलावावरचा जीवरक्षक म्हणाला, "बारा जोड्या. बरोबर."

"साडेअकरा," ताई चिडून म्हणाली. "तेवीस मुलं आहेत माझी."

"मी तोंडं नाही मोजत, ताई. हात मोजतो. चोवीस भरले."

ताईने स्वतः मोजले. अकरा जोड्या आणि एकटी पिटुकली. मात्र तिच्या वर केलेल्या हाताची बोटं मिटलेलीही नव्हती आणि सैलही नव्हती. प्रत्येक दोन बोटांमध्ये एकेका बोटाची जागा होती. याची तक्रार करायची तर आणखी एक फॉर्म भरावा लागेल, हा विचार आधी आला आणि ताईने विषय सोडला.

पुढच्या आठवड्यात पिटुकलीची आई दारात थांबली. "ताई, ही घरी उजवा हात वापरतच नाही हो. डाव्या हाताने जेवते. विचारलं तर म्हणते, तो रिकामा नाहीये."

"खेळ असेल तिचा. विसरेल," ताई म्हणाली. पण आई गेल्यावर तिने तो तळवा उलटून पाहिला. पोर अजून पाण्यात उतरलीही नव्हती, आणि कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

शेवटच्या दिवशी आव्हानांची कार्डं पुरी करायची होती. प्रत्येक मुलाने पहिल्या दिवशी आपलं एक आव्हान लिहिलं होतं. बावीस कार्डांवर सह्या झाल्या होत्या. पिटुकलीचं उरलं होतं: खोल टोकाच्या तळाला हात लावून येणे. दोन आठवडे ती अर्ध्यातूनच परतत होती आणि ऑफिसातून रोज विचारणा होत होती.

ताईने सगळ्यांना काठावर बसवलं. जीवरक्षक शेजारी उभा राहिला.

"आज ती नेणार आहे मला," पिटुकली म्हणाली.

ताई पेन शोधत होती. "बरं, जा. लवकर."

पिटुकली उतरली. तिने पाय मारले नाहीत. उजवा हात पुढे, आणि सरळ खाली गेली.

ताईने मनात दहा मोजले. मग वीस.

जीवरक्षकाने उडी घेतली. वर आला तो एकटाच.

"हलत नाहीये! हात अडकलाय तिचा!"

"कशात?"

"कशातच नाही!" तो पुन्हा खाली गेला.

ताईला तो फोन आठवला, ती राहिलेली सही, ते ताटकळलेले हात, ती न वाजलेली दुसरी शिट्टी. तिने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली.

पिटुकली लगेच वर आली.

ती खोकली, रडली, पाणी ओकली. ताईने तिला घट्ट कवटाळलं. भीती, राग, सगळंच एकदम डोळ्यांवाटे वाहू लागलं.

"ताई, सुटला तिचा हात," पिटुकली धापा टाकत म्हणाली. "आता तिची जोडी कोण?"

"तू नाहीस, एवढं नक्की! माझ्याशी लाव तिची जोडी. आणि चल, अंग पूस आधी!"

पिटुकलीने मान डोलावली. मग ताईच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे, जरा खाली पाहून, हळूच काहीतरी सांगितलं.

निघण्यापूर्वीची मोजणी तरी चुकवायची नाही, म्हणून ताईने पिटुकलीला एका जोडीत तिसरी म्हणून घातलं आणि डाव्या हाताने शिट्टी धरून फुंकली. हात वर झाले.

ताईचाही उजवा हात वर झाला.

तिने तो केला नव्हता. बोटांत बोटं होती, लहान आणि गार.

"बारा," जीवरक्षक पलीकडून म्हणाला.

ताईने दुसरी शिट्टी फुंकली. मुलं हात सोडून टॉवेल घ्यायला पळाली. ताईचा हात वरच राहिला.

ताईने पुन्हा फुंकली.