सोलून काढलेलं नाटक

वाचनालयातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश मी ओढणार, तोच पलीकडून आणखी एक हात आला.

"आधी मी," तो म्हणाला. "अब्रूचा प्रश्न आहे... पेपरातल्या कुणा बाईंनी माझ्या नाटकाला 'एक्सकोरिएट' केलंय म्हणे. म्हणजे नक्की काय केलंय?"

ती बाई मीच. पण सांगते कशाला?

"जाहीर झोडपलंय. मूळ शब्द लॅटिन. 'कोरियम' म्हणजे कातडं, आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. आपण म्हणतो ना, सोलून काढलं? तेच."

त्यानं बाही वर सारून हात न्याहाळला. "कातडी शाबूत दिसतेय की."

"दुसरा अंक पुन्हा वाचा, निघेल आपोआप."

त्याच्या डोळ्यांत हळूहळू हसू आलं. "म्हणजे... तुम्हीच."

"मीच. आणि शब्द मागे घेणार नाही."

"मागे घ्या म्हटलंय कुणी? मी चहाचं विचारणार होतो."

चहा वाढत गेला. तालमीनंतर तो यायचा, नेपथ्याचा रंग नखांत तसाच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. मी प्रेमात पडले होते, साफ पडले होते.

मग त्याचं नवं नाटक आलं. छान होतं, फक्त शेवटी नायिका सगळ्यांची माफी मागते.

"जरा हात आखडता घे," काका म्हणाले. पेपरचे संपादक तेच. "पोरगा हातचा जाईल."

आई म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही."

नव्हतंच. रडत रडत लिहिलं, पण लिहिलं: 'ही मुलगी माफी मागते कशाबद्दल? लेखक घाबरला म्हणून?'

दोन दिवस तो फिरकला नाही. मी फोनकडे बघत बसले आणि स्वतःवर चिडत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पेपर घेऊन थेट कचेरीत आला. काकांनी मान खाली घातली.

मी उभी राहिले. "माफी मागणार नाही."

"नकोच. काल रात्रीपासून माझी नायिकाही मागत नाही. घाबरलो होतो, खरंय. आता एकच भीती उरलीय... तू नाही म्हणशील. लग्न करशील माझ्याशी?"

"पुढचं नाटकही सोलेन."

"सोल. पण मलम घरचं लागेल."

"मलम तुझं तूच लावायचं," मी म्हणाले, आणि काकांच्या देखत त्याचा हात धरला.