कंबर अडतीस

या, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात बुवा मागच्यांना पुढे बोलावतात ना, तसं. गोष्ट छोटीच आहे, ऐकवते. पण ती मोठ्याने सांगवत नाही.

केडगावच्या घरी लोखंडी कपाटात ह्यांचा एकुलता एक सूट आहे. आमच्या लेकीच्या, अपूर्वाच्या लग्नासाठी गोरक्ष शिंप्याने शिवलेला, करडा, लोकरी. मी तो नीट सांभाळते. प्लास्टिकमध्ये ठेवायचा नाही, कापड कुबट होतं. म्हणून जुन्या धोतराची खोळ शिवलीय. रुंद खांद्याचा लाकडी हँगर. खिशांत लवंगा आणि कडुनिंबाचा वाळका पाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सावलीत वारा द्यायचा, मऊ ब्रश वरून खाली फिरवायचा. कपाटाची किल्ली एकच, देवघरात, गंधाच्या डबीखाली.

अकरा वर्षांपूर्वी हे राहात्याला सप्त्याच्या कीर्तनाला म्हणून एसटीत बसले. पोचलेच नाहीत. सूट घरीच राहिला. कीर्तनाला सूट घालून कोण जातं? पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. तेव्हापासून मी रोज जेवताना पहिला घास ह्यांच्यासाठी ताटाबाहेर काढून ठेवायचे. असतील तिथे पोटात काही पडो, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी अपूर्वा म्हणाली, "आई, पुरे कर आता. किती वर्षं?" मला ते पटलं. मी घास ठेवणं थांबवलं.

पुढच्या महिन्यात सूट बाहेर काढला, तर पँटची कंबर कमी वाटली. टेप लावली. अडतीसची छत्तीस झालेली. लोकर दमटपणाने आटते, हे मला ठाऊक आहे. पण आटायचं तर सगळं कापड आटतं. इथे फक्त मागची शिवण आत घेतलेली होती, वरून व्यवस्थित इस्त्री केलेली.

पँट गोरक्षकडे नेली. त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"दादा लई वाळले की हो, वहिनी." बोलून गेला, मग त्याला आठवलं.

"तू केलंस का हे?"

"न्हाई वो. दोरा माझाच हाय, शिवनबी माझ्याच हाताची हाय. पन म्या न्हाई केलं." पँट त्याने माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला.

त्याच दिवशी घास पुन्हा सुरू केला. दोन महिन्यांनी कंबर अडतीस. शिवण उसवल्याची खूणसुद्धा नाही.

गेल्या वर्षी माझ्या खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने पुण्याला अपूर्वाकडे होते. गोळ्यांच्या गुंगीत ती भरवेल ते गिळायचे. घास राहून गेला. केडगावला परतल्यावर कपाट उघडलं आणि टेप तिच्याच हातात दिली.

"एकतीस," ती म्हणाली. पुन्हा मोजलं. "आई, ही बाबांचीच पँट ना?"

मी पँट परत हँगरला लावली. जेवताना तिने आपल्या ताटातला पहिला घास बाजूला काढला.

आता दोघी ठेवतो. ती तिकडे, मी इकडे. एक दिवस चुकलेला नाही.

तरी अठ्ठावीस.

परवाच्या रविवारी सव्वीस. आणि खिसे रिकामे. लवंगा नाहीत. कडुनिंबाचा पालाही नाही; नुसत्या काड्या उरल्या होत्या.

किल्ली गंधाच्या डबीखालीच होती.

दोघींचा घास पुरत नाही, एवढंच मला कळतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आज तुमच्यापुढे घेते.

विष्णुपंत.

आज ताटावर बसाल, तेव्हा पहिला घास तोंडात घालण्याआधी तेवढं नाव आठवा. रविवारी मी टेप लावणार आहे.